क्वार्तो सावोना क्विन्दिची

आमच्या ऑफिसात प्रत्येक टीमला एक नाव असतं. कोणी गडांची नावं घेतं, कोणी ग्रहांची, एका टीमने तर मिसळीच्या हॉटेलांची घेतली होती. (मॅनेजर बदलला आणि ती प्रथा बंद पडली. असो.) 'क्वार्तो सावोना क्विन्दिची' हे पण असंच एका टीमचं नाव. अर्थ म्हणाल तर काहीच नाही. वायरलेसवर बोलताना इटालियन लोक 'क्यू' म्हणजे 'क्वार्तो', 'एस' म्हणजे 'सावोना' असं म्हणतात आणि क्विन्दिची म्हणजे पंधरा. क्यू-एस-पंधरा. पालेर्मो पोलिसांच्या एका संरक्षण पथकाचा हा रेडिओ कोड होता. या पथकाचं काम एकच, जोवान्नी फाल्कोने नावाच्या न्यायाधीशाला जिवंत ठेवणं.

ते त्यांना जमलं नाही. पण त्याआधी कित्येक वर्षं जमलं होतं, आणि ते सहसा कोणी लिहीत नाही.

मला हे सगळं कळलं ते ऑनसाईटमुळे. दोन वर्षांपूर्वी चार महिने मिलानला होतो. क्लायंटच्या टीममधली एक मुलगी सिसिलीची होती. एकदा जेवताना मी नेहमीचा भारतीय प्रश्न विचारला, "तुमच्याकडे माफिया अजून आहे का गं?" म्हणजे कसं, गॉडफादर बघून आलेला माणूस जे विचारतो तेच. ती चिडली नाही. म्हणाली, सिसिलीला जायचंच असेल तर पालेर्मोच्या विमानतळावर उतर आणि शहरात जाताना टॅक्सीत मोबाईल बघत बसू नकोस, उजवी-डावीकडे बघ. विमानतळाचं नावच फाल्कोने-बोर्सेलिनो आहे. एका लाँग वीकएंडला गेलो. शहराकडे जाणारा हायवे म्हणजे ए-२९. थोड्या वेळाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन उंच लालसर खांब दिसतात. त्यांवर तारीख आहे, २३ मे १९९२, आणि खाली पाच नावं. वर डोंगरावर एक पांढरी खोली आहे आणि तिच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'नो माफिया'. गाडी ताशी शंभरच्या पुढे असते, त्यामुळे पाच नावं वाचून होत नाहीत. मला दोनच वाचता आली.

राहिलेली तीन नावं नंतर शोधली. तीच या लेखाचं कारण आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण त्याशिवाय मजा नाही... मजा हा शब्द चुकीचा आहे, पण तुम्हाला कळलं. आपल्याकडे तपास पोलिस करतात आणि न्यायाधीश खटला ऐकतो. इटलीत १९८९ पर्यंत वेगळी पद्धत होती. तिथे 'तपास न्यायाधीश' असायचा. तोच बँकेची कागदपत्रं मागवायचा, साक्षीदारांना बसवून विचारायचा, आरोपांचा मसुदा लिहायचा. म्हणजे माफियाच्या दृष्टीने बघा, सगळी माहिती एका माणसाच्या डोक्यात. माणूस संपवला की केस संपली. आमच्या धंद्यात याला 'बस फॅक्टर' म्हणतात. टीममधली किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर 'एक' असेल तर प्रोजेक्ट धोक्यात आहे.

पालेर्मोच्या तपास कार्यालयाचे प्रमुख रोक्को किन्नीची यांनी हे ओळखलं. अनेक न्यायाधीशांनी मिळून काम करायचं, माहिती वाटून घ्यायची ही कल्पना त्यांची. २९ जुलै १९८३ ला सकाळी ते घराबाहेर पडले आणि दारात उभ्या केलेल्या फियाट १२६ गाडीचा स्फोट झाला. त्यांच्यासोबत त्यांचे दोन अंगरक्षक मारिओ त्रापास्सी आणि साल्वातोरे बार्तोलोत्ता गेले आणि इमारतीचा रखवालदार पण गेला. त्यांच्या जागी फ्लोरेन्सहून आन्तोनिनो काप्पोनेत्तो हे वयस्कर गृहस्थ स्वतःहून आले. किन्नीचींची कल्पना त्यांनी पक्की केली, तोच प्रसिद्ध 'पूल'. फाल्कोने, बोर्सेलिनो, ग्वार्नोत्ता आणि दि लेल्लो. एकाला मारलं तरी बाकीच्यांना सगळं माहीत. काप्पोनेत्तो स्वतः पालेर्मोत असेपर्यंत पोलिसी बराकीतल्या खोलीत राहिले.

थोडक्यात, न्यायाधीशांचा बॅकअप तयार झाला. अंगरक्षकांचा बॅकअप कसा असणार? ते स्वतःच बॅकअप.

किन्नीचींच्या स्फोटात एक माणूस वाचला. चिलखती गाडीचा ड्रायव्हर, जोवान्नी पापार्कुरी. त्याची नेहमीची ड्युटी खरं तर फाल्कोनेंकडे, पण फाल्कोने हेरॉइनच्या तपासासाठी थायलंडला गेले होते म्हणून त्याला किन्नीचींकडे दिलं होतं. गाडीच्या चिलखताने जीव वाचला, पण जबर जखमी झाला, कान गेल्यात जमा. बरा होऊन परत आला तेव्हा गाडी चालवायला अपात्र ठरलेला. आता याचं करायचं काय? आपल्याकडे अशा माणसाला 'आवक-जावक'ला बसवतात. तिथेही जवळपास तेच झालं असतं, पण या माणसाला कॉम्प्युटरचा नाद आहे हे बोर्सेलिनोंच्या लक्षात आलं. साल ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचं, सरकारी न्यायालय, कपाटंच्या कपाटं भरून कागद. पापार्कुरीला त्यांनी त्या कागदांचं मायक्रोफिल्मिंग आणि कॉम्प्युटरीकरण करायला बसवलं.

मी हे वाचलं तेव्हा खुर्चीत सरळ बसलो. जगातल्या सगळ्यात मोठ्या माफिया खटल्याचा डेटा एन्ट्रीवाला, डेटाबेसवाला, सिस्टिम अॅडमिन, जे म्हणाल ते, बाँबमधून वाचलेला अंगरक्षक ड्रायव्हर! खटलाही तसाच होता. १० फेब्रुवारी १९८६ ला सुरू झाला, आरोपी ४७५. त्यांच्यासाठी उच्चार्दोने तुरुंगाला लागून मुद्दाम बंकरसारखं कोर्ट बांधलं. १६ डिसेंबर १९८७ ला निकाल लागला, १९ जन्मठेपा आणि बाकीच्यांना मिळून २,६६५ वर्षं. आरोपपत्रासारखा जो दस्तऐवज तपास न्यायाधीशांनी लिहिला तो साधारण ८,००० पानांचा. कोणाचा चेक कोणत्या बँकेत कोणत्या नावाने वटला, तोच माणूस दुसऱ्या फाइलमध्ये कुठल्या टोपणनावाने येतो, हे सगळं जोडणं म्हणजे आजच्या भाषेत जॉइन क्वेरीच. फक्त हातांनी.

न्यायालयातल्या ज्या बंदिस्त खोल्यांत हे चालायचं त्यांना 'बुंकेरिनो', म्हणजे छोटा बंकर, म्हणत. आता तिथे संग्रहालय आहे आणि ते उभं करण्यात याच पापार्कुरीचा हात. तो सांगतो ती एक गोष्ट मला फार आवडते. फाल्कोनेंना बदकं जमवायचा छंद होता, लाकडी, चिनीमातीची. बोर्सेलिनो त्यातलं एखादं पळवायचे आणि जागेवर खंडणीची चिठ्ठी ठेवायचे, बदक जिवंत हवं असेल तर ५,००० लिरा द्या. अपहरण आणि खंडणीचे खटले चालवणारी माणसं!

आता जे लिहायचंय ते जरा जड आहे.

१९८५ च्या उन्हाळ्यात पालेर्मोत दहा दिवसांच्या आत दोन पोलिस अधिकारी मारले गेले. २८ जुलैला बेप्पे मोन्ताना आणि ६ ऑगस्टला निन्नी कास्सारा. कास्सारा घरी जेवायला आला होता, गाडीतून उतरला आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्यांतून गोळ्यांचा पाऊस पडला. बायको वरून बघत होती. त्याच्यासोबत रोबेर्तो आन्तिओकिया मेला. वय २३. आता नीट वाचा, या मुलाची पालेर्मोहून बदली झाली होती. तो रजेवर होता. मोन्तानाचा खून झाल्याचं कळल्यावर आला आणि आपल्या साहेबाला पुरेसं संरक्षण नाही हे बघून तिथेच राहिला. सुट्टीत. ड्युटी नसताना.

त्याच हल्ल्यात नाताले मोंदो हा तिसरा पोलिस गाडीखाली घुसून वाचला. वाचला म्हणून लोकांना संशय, टीप यानेच दिली असणार. चौकशी, बदनामी, सगळं झालं. निर्दोष निघाला. पण तोवर माफियाला कळलं होतं की हा माणूस त्यांच्यात वावरून माहिती काढत होता. जानेवारी १९८८ मध्ये त्यालाही मारलं. म्हणजे मेलास तर तीन ओळींची बातमी आणि वाचलास तर 'कसा काय वाचलास?'

कास्सारानंतर फाल्कोने आणि बोर्सेलिनोंना बायकामुलांसकट रातोरात आझिनारा बेटावर नेलं. ते तुरुंगाचं बेट. तिथे बसून त्यांनी त्या ८,००० पानांचं काम पुढे नेलं. परत आल्यावर सरकारने काय करावं? राहण्याखाण्याचं बिल पाठवलं! बोर्सेलिनोंच्या नावाची पावती आहे, ४,१५,८०० लिरांची. रिइम्बर्समेंटचा फॉर्म भरताना आपण अॅडमिनला शिव्या घालतो तेव्हा हे आठवावं.

लोक मात्र या संरक्षणाला कंटाळले होते आणि तेही मला खोटं वाटत नाही. फाल्कोनेंच्या शेजारच्या एका बाईंनी १९८५ मध्ये तिथल्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं. दिवसातून चार वेळा सायरन, झोप होत नाही, या न्यायाधीशांना गावाबाहेर बंगल्यांत का ठेवत नाही? पत्र वाचून पहिल्यांदा राग येतो. मग आपल्या गल्लीत एखाद्या नगरसेवकाच्या गाड्यांचा ताफा आला की आपण काय बोलतो ते आठवतं. आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला जे झालं ते तर कुठल्याच बाजूने सोपं नाही. बोर्सेलिनोंच्या ताफ्यातली एक गाडी दुसऱ्या गाडीला धडकून शाळेसमोरच्या बसस्टॉपवर घुसली. दोन विद्यार्थी गेले, १७ वर्षांची मुलगी आणि १४ वर्षांचा मुलगा. बरेच जखमी झाले. बोर्सेलिनो हॉस्पिटलच्या फेऱ्या मारत राहिले. त्या घटनेने ते आतून हलले होते असं त्यांच्या घरचे सांगतात. वेग हेच ज्यांचं संरक्षण, त्यांच्या वेगाची किंमत दुसऱ्याच कोणीतरी दिली. फाल्कोने-बोर्सेलिनोंवरच्या अनेक लेखांत ही दोन मुलं सापडत नाहीत. असायला हवीत असं माझं मत.

इथे माझ्या मामाला आणतो. मामा पोलिसात हवालदार होता. निवृत्तीआधीची काही वर्षं एका जिल्हा न्यायाधीशांचा 'गनमन' होता. नाव-गाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. लहानपणी आम्हाला वाटायचं काय भारी काम, कमरेला पिस्तूल, सरकारी गाडी. एकदा त्याला विचारलं होतं, "मामा, तू दिवसभर साहेबांकडे लक्ष ठेवून कंटाळत नाहीस का?" तर म्हणाला, "अरे, साहेबांकडे कोण बघतंय? साहेबांकडे बघणाऱ्याकडे बघायचं असतं." आणि मामीचं म्हणणं असं की साहेबांच्या मुलीच्या परीक्षेचं टाइमटेबल यांना पाठ, आपली पोरं कितवीत आहेत विचारा! दोन्ही खरं आहे. इटलीतल्या या पथकांबद्दल जे वाचलं त्यातही हेच. गाडी थांबायच्या आधी दारं उघडून उतरायचं, तोंड बाहेरच्या बाजूला. आधी जिना, मग लिफ्ट, मग साहेब. रोज रस्ता बदलायचा, वेळ बदलायची. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सवय. आणि घरी आई म्हणते, रविवारी तरी वेळेवर ये.

हे काम नीट झालं की काहीच घडत नाही. हीच त्याची पंचाईत. आमच्याकडे सर्व्हर मेन्टेनन्सवाल्यांचं तसंच असतं, वर्षभर सिस्टिम चालली तर अप्रेझलमध्ये विचारतात, 'तुम्ही नक्की काय केलंत?' २१ जून १९८९ ला पालेर्मोजवळ आद्दाउरा इथे फाल्कोनेंनी भाड्याने घेतलेल्या समुद्रकाठच्या घराखालच्या खडकांवर एक बॅग सापडली. आत स्फोटकांच्या ५८ कांड्या. सापडली कोणाला? संरक्षणावर असलेल्या पोलिसांना. त्यानंतर किती लोकांनी त्या पोलिसांचं नाव विचारलं? उलट फाल्कोनेंनीच ती बॅग स्वतः ठेवून घेतली असणार अशी कुजबुज शहरात झाली.

३० जानेवारी १९९२ ला इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या मोठ्या खटल्यातल्या शिक्षा कायम केल्या. तोतो रिईना आणि त्याच्या टोळीला याआधी वरच्या कोर्टात सुटायची सवय होती, ती मोडली. बदला ठरला. फाल्कोने तेव्हा रोममध्ये न्याय मंत्रालयात होते, पण शनिवार-रविवार घरी यायचे. रोममध्ये मार्ग अनेक, पण पालेर्मोच्या विमानतळावरून शहरात यायचा हायवे एकच. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर.

माफियाने कापाची गावाजवळ त्या हायवेखालच्या पाण्याच्या पाइपमध्ये १३ पिंपं भरून स्फोटकं ठेवली, साधारण ५०० किलो. पिंपं आत सरकवायला स्केटबोर्ड वापरला. गाडी नेमकी कुठे आली की बटण दाबायचं याची खूण म्हणून रस्त्याकडेला एक जुना फ्रिज ठेवला. मी यावर फार बोलत नाही. या लोकांच्या हुशारीचं कौतुक करणाऱ्या सिनेमांना आधीच तोटा नाही.

२३ मे १९९२, शनिवार. तीन फियाट क्रोमा. पुढच्या चॉकलेटी गाडीत वितो स्किफानी स्टिअरिंगवर, शेजारी आन्तोनिओ मोन्तिनारो, मागे रोक्को दिचिल्लो. वयं अनुक्रमे २७, २९ आणि ३०. मोन्तिनारोला दोन लहान मुलं होती. स्किफानीचं बाळ काही महिन्यांचं. दिचिल्लोचं लग्न व्हायचं होतं. मधल्या पांढऱ्या गाडीत फाल्कोने स्वतः गाडी चालवत होते, कारण बायको फ्रान्चेस्का (ती पण न्यायाधीश) पुढे बसली होती आणि नेहमीचा ड्रायव्हर जुसेप्पे कोस्तान्झा मागे. तिसऱ्या निळ्या गाडीत आणखी तिघं, पाओलो कापुत्सा, गास्पारे चेर्वेल्लो, आंजेलो कोर्बो.

कोस्तान्झाने नंतर सांगितलंय की त्याने साहेबांना किल्ल्यांची आठवण करून दिली, घरी पोचलो की गाडीच्या किल्ल्या मला लागतील. फाल्कोने कुठल्यातरी विचारात होते, त्यांनी चालत्या गाडीची किल्लीच काढून मागे दिली! "काय करताय साहेब, मरू आपण!" अशा अर्थाचं कोस्तान्झा ओरडला. गाडी मंदावली. डोंगरावर बटण हातात घेऊन बसलेल्या जोवान्नी ब्रुस्काचा अंदाज त्यामुळे चुकला. १७ वाजून ५६ मिनिटं ४८ सेकंद. वेळ इतकी नेमकी माहीत आहे कारण स्फोट भूकंपमापकावर उमटला. स्फोटाचा पूर्ण तडाखा पुढच्या गाडीला बसला. ती उडून शेजारच्या ऑलिव्हच्या बागेत पडली. तिघं जागच्या जागी गेले. मधली गाडी उखडलेल्या रस्त्याच्या भिंतीवर आदळली. फाल्कोने तासाभराने हॉस्पिटलमध्ये गेले, फ्रान्चेस्का रात्री. मागे बसलेला कोस्तान्झा वाचला.

तिसऱ्या गाडीतल्या तिघांनी काय केलं ते मी दोन-तीनदा वाचलं. तिघेही जखमी. आकाशातून दगड-माती पडतेय. पुढची गाडी दिसतच नाही, त्यांना वाटलं ते लोक पुढे निघून गेले असतील. त्यांना शिकवलं होतं की स्फोटानंतर मारेकरी उरलेलं काम पूर्ण करायला येतात. म्हणून ते रक्ताळलेल्या अवस्थेत बंदुका घेऊन उतरले आणि साहेबांच्या गाडीभोवती, पाठ गाडीकडे आणि तोंड बाहेर करून उभे राहिले. कोणी आलं नाही. मदत येईपर्यंत उभेच होते.

मोन्तिनारोची एक जुनी मुलाखत आहे. त्यात तो भीतीबद्दल बोलतो. म्हणतो, भीती सगळ्यांना असते, ज्याला भीती वाटते तोच प्रेमही करतो. समजत नाही तो भेकडपणा. बोलताना हसरा आहे, थोडा लाजतोय. आपल्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये असतो ना एक, सगळ्यांच्या गाड्या ढकलायला पुढे येणारा, तसा.

पुढे ५७ दिवस. बोर्सेलिनोंना माहीत होतं की आता नंबर त्यांचा. त्यांच्या जवळचे लोक सांगतात की ते मुद्दाम एकटे खाली उतरून सिगारेट किंवा पेपर आणायला जायचे. मारायचं तर मला एकट्याला मारा, पोरांना नको. अंगरक्षकाला चुकवून त्यालाच वाचवायचा प्रयत्न! मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "असा साहेब मिळाला तर ड्युटी दुप्पट अवघड होते."

१९ जुलै १९९२, रविवार. बोर्सेलिनो आईला भेटायला व्हिया दामेलिओला गेले. त्या घरासमोर गाड्या उभ्या करायला बंदी घालावी अशी मागणी आधीच झाली होती. बंदी आली नव्हती. दुपारी पाचला दोन मिनिटं कमी असताना तिथे उभी केलेली फियाट १२६ उडाली. (नऊ वर्षांपूर्वी किन्नीचींना मारलं तेच मॉडेल.) बोर्सेलिनोंसोबत पाच जण गेले. आगोस्तिनो कातालानो, वॉल्टर एडी कोझिना, क्लाउदिओ त्रायना, विन्चेन्झो ली मुली आणि एमान्युएला लोई. कोझिना कापाचीच्या स्फोटानंतर उत्तरेतल्या त्रिएस्तेहून स्वतः मागून पालेर्मोला आला होता. ली मुली २२ वर्षांचा. सहावा, आन्तोनिओ वुल्लो, गाडी लावायला मागे राहिला म्हणून वाचला.

एमान्युएला २४ वर्षांची, सार्डिनियातल्या सेस्तु गावची. तिला शिक्षिका व्हायचं होतं. पोलिसभरतीची परीक्षा बहिणीसोबत दिली, पास ही झाली, बहीण राहिली. पालेर्मोत तिने आधी ज्यांच्या घरी पहारा दिला त्यातलं एक नाव सेर्जिओ मात्तारेल्ला, जे २०१५ मध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या थोरल्या भावाला माफियाने १९८० मध्ये मारलं होतं. कर्तव्यावर असताना माफियाच्या हल्ल्यात मेलेली ती इटलीची पहिली महिला पोलिस. सुट्टी संपवून गावाहून नुकतीच परतली होती.

दोन दिवसांनी पालेर्मोच्या कॅथेड्रलमध्ये या पाच जणांचा अंत्यविधी झाला. बोर्सेलिनोंच्या घरच्यांनी सरकारी अंत्यविधी नाकारला होता, त्यामुळे ही पाच शवपेट्यांचीच वेळ होती. लोकांनी कडं तोडलं, नेत्यांना धक्काबुक्की झाली, राष्ट्राध्यक्षांना गर्दीतून ओढत न्यावं लागलं. ओरडणाऱ्यांत साध्या कपड्यांतले पोलिस पण होते, मेलेल्यांचे सहकारी. संरक्षण करणाऱ्यांचा राग मी त्याआधी कुठे वाचला नव्हता.

पुढचं पटकन सांगतो. रिईना जानेवारी १९९३ मध्ये पकडला गेला, २०१७ मध्ये तुरुंगातच मेला. ब्रुस्का १९९६ मध्ये सापडला, मग माफीचा साक्षीदार झाला आणि २५ वर्षांनी, मे २०२१ मध्ये सुटला. हो, सुटला. कायदा तसा आहे आणि तो कायदा व्हावा म्हणून झगडणाऱ्यांत फाल्कोने स्वतः होते, कारण आतला माणूस बोलल्याशिवाय कोझा नोस्त्रा फुटत नाही. डोक्याला पटतं. आन्तोनिओ मोन्तिनारोच्या बायकोला, तिनाला, ते पटावं अशी अपेक्षा मी करणार नाही. तिनेही ते पटल्याचं नाटक केलं नाही.

तिनाने दुसरंच काहीतरी केलं. क्वार्तो सावोना क्विन्दिचीचा चेपलेला लोखंडी गोळा, गाडी म्हणून ओळखूही न येणारा, काचेच्या पेटीत ठेवला आणि तो इटलीभर शहराशहरांत फिरवला जातो. शाळेतली मुलं बघतात. गाडी जिथे पडली तिथे आता बाग आहे. मेलेल्यांच्या नावाने ऑलिव्हची झाडं लावलीत, त्यांचं तेल निघतं. सिसिलीहून परतताना मला ती बाग बघायची होती, पण फ्लाइट सकाळची होती. टॅक्सीवाल्याला मी त्या खांबांजवळ गाडी हळू करायला सांगितली. हायवेवर हळू करता येत नाही म्हणाला, तरी केली. पाचही नावं वाचली.

गेल्या दिवाळीत मामाकडे गेलो होतो तेव्हा त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मध्ये बोलला नाही. शेवटी एकच विचारलं.

"पुढच्या गाडीचा ड्रायव्हर कोण म्हणालास?"

"वितो स्किफानी."

"वितो स्किफानी," मामा म्हणाला, आणि मामीला चहा टाकायला सांगून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.